माळ्यावरची काठी

प्रश्न : मी कराडला नोकरी करतो. मुलगा २२ वर्षांचा. रेटिनायटिस पिगमेंटोसामुळे त्याची नजर लहानपणापासून कमी होत गेली, आता जवळजवळ काहीच दिसत नाही. बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. झाला, घरीच असतो. मुलगी बारावी सायन्सला आहे, दहावीला ९१ टक्के होते. तिला कुत्र्यांचं वेड. परदेशात अंधांना वाट दाखवणारे कुत्रे असतात, ते तयार करायचं शिक्षण घेणार म्हणते. यात स्कोप आहे का? की ‘नीट’ देऊन व्हेटर्नरी करावं, म्हणजे डिग्रीही होईल आणि भावासाठी एक कुत्राही तयार करता येईल? सध्या बँकेत, दवाखान्यात, अगदी कटिंगलाही तीच त्याला हात धरून नेते. पंधराव्या वर्षी त्याला पांढरी काठी आणली होती, पण लोक बघतात म्हणून माळ्यावर ठेवली. आमच्यानंतर तीच त्याची आंधळ्याची काठी. तिच्या लग्नातही भाऊ जवळ राहील ही अट घालणार आहोत. मार्गदर्शन करावे.

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात प्रश्न स्कोपचा आहे, पण माझं मन शेवटच्या तीन वाक्यांवरच अडकलं. खरी काठी माळ्यावर आहे आणि तिच्या जागी तुम्ही मुलीला उभं केलंय. हे तुम्ही मायेनेच केलं असेल, यात मला शंका नाही. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने काय शिकावं, कुठे राहावं, कुणाशी लग्न करावं, हे सगळं एका गरजेभोवती आधीच आखून झालंय आणि त्यावर ‘करिअर’ असं लेबल लावून तुम्ही ते माझ्याकडे पाठवलंय. व्हेटर्नरी तुम्हाला आवडलं ते भावासाठी. कुत्राही भावासाठीच. तिला त्यातलं नेमकं काय आवडतं, ते पत्रात कुठेच नाही. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या मुलाचंही एक वाक्य नाही. बी.ए. झालेला माणूस आहे तो. त्याला कुत्रा हवाय का, हे तरी कुणी विचारलं का?

मुलीने ज्या कामाचं स्वप्न पाहिलंय त्याची सुरुवातही एका बापलेकापासून झाली, म्हणून ती गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा मॉरिस फ्रँक. एक डोळा सहाव्या वर्षी गेला, दुसरा सोळाव्या. युरोपात पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी कुत्रे शिकवायला सुरुवात झाली होती. जर्मनीतल्या ओल्डेनबर्गमध्ये १९१६ साली त्यासाठी शाळा निघाली. स्वित्झर्लंडमध्ये कुत्र्यांचं पैदास-प्रशिक्षण केंद्र चालवणाऱ्या डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी १९२७ मध्ये या कामावर एका साप्ताहिकात लेख लिहिला. मॉरिसच्या वडिलांनी तो त्याला वाचून दाखवला. पत्र मात्र मॉरिसने स्वतः पाठवलं, आणि मला कुत्रा द्या एवढंच मागून तो थांबला नाही. मला शिकवा, मी इथे परत येऊन इतरांनाही शिकवीन, असं त्याने कळवलं. १९२८ मध्ये तो विशीत स्वित्झर्लंडला गेला. तिथे बडी नावाच्या जर्मन शेफर्ड कुत्रीबरोबर शिकताना एक दिवस तो कुणालाही सोबत न घेता न्हाव्याकडे जाऊन केस कापून आला. तोवर कटिंगला जायचं तर कुणीतरी सोडायचं, आणि ते परत न्यायला येईपर्यंत हा तिथेच बसून राहायचा. हे वाचल्यावर तुमच्या पत्रातला ‘कटिंगलाही’ हा शब्द परत वाचा. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांसमोर बडीला घेऊन त्याने वाहता रस्ता ओलांडला आणि १९२९ मध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली. ती अजून चालू आहे. कुत्रा तयार करायला येणाऱ्या खर्चाच्या मानाने अगदी किरकोळ रक्कम तिथे माणसाकडून घेतात. अनेक वर्षं पहिल्या कुत्र्यासाठी ती १५० डॉलर राहिली. तीही मुद्दाम घेतात, म्हणजे कुत्रा दान म्हणून पदरात पडलेला नाही, स्वतः घेतलेला आहे, असं त्या माणसाला म्हणता यावं.

आता एक गैरसमज. तो तुमच्या पत्रात आहे, मुलीच्याही मनात असेल, कारण मोबाइलवरच्या व्हिडिओंत तसंच दिसतं. कुत्रा वाट दाखवतो, बँकेत चल म्हटलं की नेतो, सिग्नल बघून रस्ता ओलांडून देतो, असं आपल्याला वाटतं. कुत्र्याला बँक कुठे आहे हे ठाऊक नसतं, आणि लाल-हिरवा फरक त्याला धड दिसतही नाही. वाट माणसाच्या डोक्यात असते. किती वळणं झाली, उतार कुठे लागला, रहदारी कुठून कुठे वाहतेय, हे माणूस ऐकून आणि पायाने ओळखतो, आणि आता पुढे चल, आता डावीकडे, असा हुकूम देतो. कुत्रा पायरीपाशी, फूटपाथच्या कडेपाशी थांबतो, खड्डा आणि उभी मोटारसायकल टाळून वळतो, डोक्याला लागेल अशी फांदी चुकवतो, दार किंवा रिकामी खुर्ची शोधून देतो. हे सगळं त्याच्या पाठीवरच्या पट्ट्याला जोडलेल्या कडक मुठीतून माणसाच्या हाताला कळत राहतं. त्याची सगळ्यात अवघड शिकवण म्हणजे हुकूम मोडणं. मालक ‘चल’ म्हणाला आणि समोरून गाडी आली तर जागचं हलायचं नाही. एरवी आज्ञा पाळणाऱ्या जनावराला नेमकी कोणती आज्ञा मोडायची हे शिकवणं किती किचकट असेल, याचा विचार तुमच्या मुलीने करावा. तिला तो आवडेल असं मला वाटतं.

यातून जे निघतं ते तुमच्या घरासाठी महत्त्वाचं आहे. कुत्रा देण्याआधी तिकडच्या शाळा अर्जदाराला विचारतात, आज एकट्याने कुठे कुठे जाता? काठीने चालता येत नसेल, नेहमीचे रस्ते डोक्यात नसतील, तर आधी ते शिकून या म्हणतात. म्हणजे तुमच्या मुलीने उद्या जगातला सर्वोत्तम कुत्रा तयार करून आणला, तरी आजच्या स्थितीत तुमच्या मुलाला तो वापरता येणार नाही. तो कुत्रा सोफ्यावर बसून जाड होईल आणि मुलाला कटिंगला बहीणच नेईल. शिवाय माणूस आणि कुत्रा यांची जोडी चालण्याचा वेग, उंची, स्वभाव, रोजचा दिनक्रम बघून जुळवतात. आठ-नऊ वर्षांत कुत्रा निवृत्त होतो आणि दुसरा लागतो. बहिणीने एकदा करून दिलं आणि भावाचं भागलं, असं ते काम नाही. आपल्याकडचे फुटलेले फूटपाथ, गल्लीतली भटकी कुत्री, मे महिन्यातला डांबरी रस्ता हे वेगळंच. भारतात असे कुत्रे अगदी तुरळक आहेत, त्याची कारणंही हीच.

मुलीसाठी कामाचं स्वरूप सांगतो. पिल्लं साधारण आठ आठवड्यांची झाली की स्वयंसेवी कुटुंबांकडे जातात आणि वर्षभराहून जास्त काळ बाजार, बस, लिफ्ट, गर्दी यांना सरावतात. मग परत येऊन काही महिने प्रशिक्षकाकडे असतात. त्यातली बरीच गळतात. एखादं खारीमागे धावतं, एखादं आवाजाला बिचकतं, आणि वर्षा-दीड वर्षाचं काम एका दुपारी संपतं. हे सहन होणारा माणूस लागतो. अंधांपलीकडेही हे क्षेत्र वाढलंय. १९७५ मध्ये बोनिटा बर्गिन यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता रोझात व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी कुत्रे शिकवणारी संस्था काढली. खाली पडलेली किल्ली उचलून मांडीवर ठेवणं, दाराला बांधलेली दोरी ओढून दार उघडणं, दिव्याचं बटण दाबणं, ही ती कामं. हातातून पेन पडलं की कुणीतरी येईपर्यंत थांबायचं, हे ज्याने वर्षानुवर्षं केलंय त्यालाच त्या किल्लीची किंमत कळेल. ऐकू न येणाऱ्यांना दाराची बेल किंवा बाळाचं रडणं कळवणारे कुत्रेही असतात.

पण या कामात निम्मा वेळ माणसांबरोबर जातो. नव्या मालकाला शिकवायचं, त्याची भीती घालवायची, त्याच्या घरच्यांना लुडबुड करू नका म्हणून सांगायचं. (तुमच्यासारख्या वडिलांना समजावणं हासुद्धा त्या नोकरीचा भाग आहे, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.) तिकडे हे काम बहुतेक संस्थेत उमेदवारी करून शिकतात, त्याला दोन-तीन वर्षं जातात. जागा मोजक्या, आणि परक्या देशातल्या मुलीला व्हिसाचा प्रश्न आहेच. त्यामुळे बारावीनंतर थेट तिकडे, हा मार्ग मी सुचवणार नाही. आणि सहा आठवड्यांत ‘सर्व्हिस डॉग ट्रेनर’ करून देणाऱ्या ऑनलाइन जाहिरातींना पैसे भरू नका. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याखाली दुकानदाराला फक्त दोन गोष्टी विचारता येतात : हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि तो कोणतं काम शिकलाय. प्रमाणपत्र तिथे कायदा मागतच नाही, तरी नेटवर ते विकणारे ढिगाने आहेत.

व्हेटर्नरीचं एका ओळीत : ‘नीट’, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, चांगला अभ्यासक्रम आहे, पण त्यात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांचे आजार शिकवतात, कुत्र्याला शिकवायचं कसं ते शिकवत नाहीत. पोलीस किंवा सीमा सुरक्षा दलाचं श्वानपथक हवं तर आधी त्या दलात भरती व्हावं लागतं.

तुमच्या पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात एक ओळ होती, ती बहुधा तुम्हाला ठाऊक नसेल : “सर, त्यांना मारून शिकवतात का?” मुली, तुझ्या एका ओळीने मला वडिलांच्या दोन पानांपेक्षा जास्त कळलं. पूर्वी हिसका देऊन, दटावून बरंच शिकवत. आता चांगल्या शाळांमध्ये भर बक्षिसावर आहे. बरोबर केलं की लगेच खाऊ, चुकलं की काही नाही, पुन्हा पहिल्यापासून. ज्या मुलीला हा प्रश्न पडतो तिला जनावराच्या रोगापेक्षा त्याच्या वागण्यात रस आहे. प्राणिशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊन पदवी कर. पुण्यात शिकलीस तर सुट्टीत एखाद्या प्रशिक्षकाच्या हाताखाली फुकट राब आणि तो मारतो का ते स्वतः बघ. मारत असेल तर दुसरा शोध. पदवीनंतरही हेच हवंसं वाटलं तर परदेशातल्या उमेदवारीसाठी अर्ज कर. तेव्हा तुझ्याकडे सांगायला काहीतरी असेल. मधेच कुत्रे सोडून वेगळंच काही आवडलं, तर तेही चालेल. भावाला तू काही देणं लागत नाहीस.

आता तुमच्या मुलाकडे येतो, कारण खरं काम तिथे थांबलंय. पुण्याचं अंधजन मंडळ किंवा मुंबईत वरळीची ‘नॅब’ (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) यांच्याकडे काठीने चालण्याच्या शिक्षणाची चौकशी करा. फोन त्याला करू द्या. संगणकावरचं लिहिलेलं वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आहे, त्यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. बी.ए. आहे, वय २२, बँकेच्या परीक्षा समोर आहेत. आपण इथे त्याच्या बहिणीचं करिअर ठरवत बसलोय आणि त्याच्या करिअरबद्दल मला अजून कुणी विचारलेलंच नाही. पुढचं पत्र त्याचं आलं तर बरं.

आणि माळ्यावरची ती काठी उतरवून घरात कुठेतरी ठेवा, पण वापरायला देऊ नका. पांढरी काठी माणसाच्या उंचीनुसार घेतात, उभी धरली की साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत यायला हवी. पंधराव्या वर्षी आणलेली आता त्याला आखूड पडेल. नवी घ्या, आणि घ्यायला त्यालाच पाठवा. पहिल्यांदा बहीण गेली बरोबर तरी हरकत नाही.