गुडघा बदलताना कॉम्प्युटर नेव्हिगेशनचे जादा पैसे द्यावेत का?

आईंचा गुडघा बदलायचाय, ठाण्यातले सर्जन कॉम्प्युटर नेव्हिगेशनचे वेगळे पैसे सांगतायत, ते द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. नौपाडा, चरईत घरोघरी जाऊन अशा पेशंटना चालतं करणं हेच माझं काम. माझ्या मते याचं उत्तर आईंच्या मांडीच्या हाडात आहे.

नेव्हिगेशन हाड कापत नाही, कापतो सर्जनच. मांडीच्या हाडात आणि नडगीत पिना बसवून त्यांवर ट्रॅकर लावतात, इन्फ्रारेड कॅमेरा ते टिपतो. सर्जन पाय गोल फिरवतात, त्यावरून कॉम्प्युटर खुब्याचा मध्य शोधतो. मग गुडघ्यावर आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंना पॉइंटर टेकवतात. खुबा, गुडघा आणि घोटा एका रेषेत यावेत म्हणून काप किती अंशांत घ्यायचा, हे करवत लावण्याआधीच स्क्रीनवर दिसतं. नेहमीच्या पद्धतीत ही दिशा मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब सळई घालून ठरवतात.

हाड सरळ असेल तर अनुभवी सर्जन सळईवरही उत्तम काम करतात. पण आत जुन्या फ्रॅक्चरचा रॉड असेल तर सळई जाणार कुठून? आणि हाडालाच बाक असेल तर ती दिशा चुकवते. अशा वेळी पैसे जरूर द्या.

हे तंत्र १९९७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला पहिल्यांदा वापरलं गेलं. त्याने रेष चुकण्याचं प्रमाण कमी होतं, हे नक्की. दुखणं आणि चालणं यांत मात्र बहुतेक अभ्यासांना मोठा फरक आढळला नाही. ऑपरेशनला थोडा जास्त वेळ लागतो. पिनांचे छोटे टाके बघून घरचे घाबरतात, पण ते लवकर भरतात. त्या जागी हाड मोडणं फार क्वचित घडतं, तरी सुरुवातीला आईंना एकट्याने जिना उतरू देऊ नका.

२०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, पण नेव्हिगेशनचं शुल्क त्यात येत नाही. ते एस्टिमेटमध्ये वेगळं लिहून मागा आणि मेडिक्लेम कंपनीला आधीच विचारा. पैसे मोजकेच असतील आणि हाड सरळ असेल, तर ते नंतरच्या व्यायामासाठी राखून ठेवा, असं मी कळकळीने सांगेन.

आईंना उभं करून खुब्यापासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे काढलाय का? नुसत्या गुडघ्याच्या फिल्मवर मांडीचा बाक दिसत नाही. काढला नसेल तर आधी तो काढून घ्या आणि तो समोर ठेवूनच सर्जनशी बोला.