हलका रेझर आणि गळ्यावरचे ओरखडे

प्रश्न : स्वस्तातला, वजनाला हलका दुधारी रेझर घेतलाय. गाल साफ होतात, पण गळ्यावर कापतं, नंतर पुरळ उठतं. जड रेझर घ्यावा का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : एवढ्यात नको. जड रेझर स्वतःच्या वजनाने चालतो. हलका चालत नाही म्हणून हात नकळत दाबतो आणि कातडी पात्याच्या फटीत फुगते. कापतं ते तिथेच. मूठ टोकाशी, तीन बोटांत धरा. आधी टोपी (पात्यावरचं झाकण) गालाला टेकवा, मग पातं केसाला लागेपर्यंत मूठ खाली आणा. पात्याचा कातडीशी कोन साधारण ३० अंश. एका ओढीत दोन-तीन सेंटिमीटरच.

गळ्यावरचे केस बहुधा आडवे-तिरके वाढतात. बोट फिरवून दिशा बघा, रेझरचा पहिला हात त्याच दिशेने. केसांच्या उलट दिशेने फिरवणं पुरळ जाईपर्यंत बंदच.

पातं बसवल्यावर दोन्ही बाजूंनी सारखं बाहेर दिसतंय ना, हे पाहाच. स्वस्त रेझरात ते बऱ्याचदा तिरकं बसतं. मूठ सैल करा, पात्याच्या बोथट टोकांना धरून सरळ करा, पुन्हा आवळा.

बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस धरत नाही. पाणी उकळून, निवळून घ्या, जडपणा थोडाफार कमी होऊ शकतो. चार-पाच दाढ्यांनंतर पातं बदला. पावसाळी दमटपणात रेझर झटकून, उघड्यावर वाळवा.