समन्स आलंय, वकील शेजारी बसेल का?

प्रश्न : दुबईहून येताना माझ्या दिराला विमानतळावर कस्टम्सने अडवलं, दोन सोन्याच्या बांगड्या जप्त झाल्या. आता जबाबासाठी समन्स आलंय. वकील सोबत बसू शकतो का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, शेजारी बसून उत्तरं सुचवायला नाही. हे समन्स बहुधा १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या कलम १०८ खालचं असेल. अशा चौकशीतला माणूस अजून ‘आरोपी’ नसतो, म्हणून वकील हजर ठेवण्याचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने पूलपांडी प्रकरणात १९९२ मध्ये सांगितलं. मला तो निकाल कधीच पटला नाही, पण आहे तो आहे. पुढे काही प्रकरणांत न्यायालयांनी मधला मार्ग काढला : वकील दिसेल इतक्या अंतरावर, पण बोलणं ऐकू येणार नाही असा. तशी परवानगी लेखी अर्ज करून मागा. नाकारली तर उच्च न्यायालयाचं दार आहे.

अटक झाली तर मात्र चित्र बदलतं. मग पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २२ नेच दिलाय.

खरी मेख जबाबात आहे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. कस्टम्स अधिकाऱ्यापुढचा चालू शकतो. खोटं बोलणंही गुन्हाच. तेव्हा दिरांना म्हणावं, बांगड्यांची पावती बरोबर न्या, प्रत्येक पान वाचा, न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही नको. दबावाखाली काही लिहून घेतलं, तर दुसऱ्याच दिवशी जबाब मागे घेत असल्याचं पत्र द्या आणि पोच घ्या. महिन्याभराने सुचलेल्या माघारीला कोर्ट फारसं विचारत नाही.