पहिला वाफा मेथीचा घाला

ताई, कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर मुलांची बाग सुरू करताय, फार बरं वाटलं. मी जळगावात हे काम बरीच वर्षं करतोय, म्हणून आधीच सांगतो: एप्रिल-मेमध्ये हात घालू नका. आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, रोपं करपतात आणि मुलं हिरमुसतात. पावसानंतर जमिनीला वाफसा आला, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर राहिली, की सुरू करा. त्याआधी प्लॉटमधलं डबर, काचा तेवढ्या वेचून घ्या.

पहिला वाफा मेथीचाच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळ्या मातीची पापडी उचलून कोंब वर येतात, ते बघायला मुलं शाळेआधी धावत येतात. महिन्याभरात जुडी घरी जाते. भरिताच्या वांग्याचा मोह आपल्या सगळ्यांनाच, 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय त्याला. पण लागवडीनंतर दोन-अडीच महिने थांबावं लागतं, तेवढा धीर लहानांना नसतो. वांगी नववी-दहावीच्या मुलांकडे द्या. पाणी किती, फुलं कधी आली, हे त्यांना वहीत लिहू द्या.

वाफा मात्र ज्याचा त्याच्या नावावर हवा. पहिल्या वर्षी मी सगळं सामाईक ठेवलं आणि पाणी कोणीच घातलं नाही.

गप्प राहणाऱ्या मुलाला प्रश्न विचारू नका, शेजारी बसून खुरपत राहा. आमच्याकडचा आठवीतला एक मुलगा तीन आठवडे काही बोलला नाही. मग एकदा तळहातावर गांडूळ घेऊन आला, म्हणाला, "काका, हे परत कुठे सोडू?"