स्कॅलप पाळायचा म्हणजे आधी शेवाळ पिकवायचं

मागच्या वेळी मरीन टँकमधल्या शिंपल्यांवर दोन ओळी लिहिल्या, तेव्हापासून पत्रांत स्कॅलपशिवाय, म्हणजे पंख्यासारख्या कवचाच्या शिंपल्याशिवाय, विषय नाही. बहुतेकांनी तो आधी विकत घेतलाय आणि प्रश्न नंतर विचारलाय. मीही तेच केलं होतं, त्यामुळे कुणाला बोलायची सोय नाही.

लालभडक फ्लेम स्कॅलप आणून दोन महिने झाले. दुकानदार म्हणाला, ‘काही घालू नका, तो पाणी गाळून खातो.’ आता त्याचा लाल पडदा आत ओढल्यासारखा दिसतो. काय चुकतंय? — एक वाचक, मुलुंड

दुकानदार अर्धंच बोलला. तो पाणी गाळून खातो हे खरं, पण गाळायला पाण्यात काहीतरी असावं लागतं ना! समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ सतत तरंगत असतं, फायटोप्लँक्टन म्हणतात ते. शिंपला कल्ल्यांवरून पाणी खेळवतो आणि दिवसभर ते टिपत राहतो. आपण मात्र स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र), फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी), वर यूव्ही दिवा लावून पाणी काचेसारखं नितळ करतो आणि त्यावर खूश होतो. शिंपल्याच्या लेखी तो दुष्काळ.

हा दुष्काळ दिसत नाही, खरी मेख तिथे आहे. मासा उपाशी असला की काचेपाशी येऊन तोंड वासतो. शिंपला गुपचूप स्वतःचंच मांस जिरवत बसतो. कवच तेवढंच राहतं, आतला जीव आटत जातो. वरून दोन-तीन महिने सगळं झकास दिसतं, मग एका आठवड्यात खेळ खलास. माझा पहिला फ्लेम स्कॅलप चार महिन्यांत गेला. कुणीतरी सांगितलं म्हणून मी त्याला उकडलेल्या अंड्याचा बलक कालवून घालत होतो. त्यानं पाणी तेवढं नासलं.

तुमचा अजून हलतोय, म्हणून आजपासून हे करा. जिवंत फायटोप्लँक्टन मिळवा, ते नाही जमलं तर फ्रीजमध्ये ठेवायचं घट्ट तयार फायटो. एकाच जातीवर विसंबू नका. नॅनोक्लोरोप्सिस सगळीकडे मिळतं, पण ते जेमतेम २ ते ४ मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि पेशीची भिंत जाड असल्यानं पचायला जड. त्याच्या जोडीला ४ ते ६ मायक्रॉनचं आयसोक्रायसिस आणि १० मायक्रॉनच्या पुढचं टेट्रासेल्मिस असेल तर जेवणाला चव येते म्हणा. आठवड्यातून एकदा बाटलीभर ओतण्यापेक्षा रोज थोडंथोडं, दोन-तीनदा घाला. ठरलेलं माप आपोआप सोडणारा डोसिंग पंप असेल तर फारच उत्तम. घातल्यावर तास-दोन तास स्किमर आणि यूव्ही बंद, सॉक बाहेर. पाणी फिरवणारा पॉवरहेड मात्र चालूच ठेवा, नाहीतर अन्न तळाला बसेल.

पिपेटनं भरवायचं असेल तर थेट तोंडात कोंबू नका, तो दचकून मिटतो. प्रवाहाच्या वरच्या अंगाला वीतभर अंतरावर हळूच सोडा. त्यानं चिकट गोळे बाहेर टाकले तर समजायचं, नको तेवढं वाढलं गेलंय. जे खायचं नाही ते तो असं गुंडाळून फेकतो.

घरी फायटो पिकवता येईल का? गॅलरीत जागा आहे आणि दुपारी छान ऊन येतं. — बोरिवली

येतं, आणि स्कॅलप ठेवायचाच असेल तर दुसरा रस्ता मला दिसत नाही, कारण विकतचं फायटो महिन्याकाठी खिसा रिकामा करतं. मात्र गॅलरीतल्या उन्हात नाही. मुंबईत एप्रिलच्या दुपारी उन्हातली दोन लिटरची बाटली आंघोळीच्या पाण्यासारखी तापते. बाटल्या घरात ठेवा, एलईडी ट्यूबजवळ. रोज १६ तास उजेड, बाकी अंधार.

पाण्याच्या रिकाम्या, स्वच्छ बाटल्या चालतात. त्यात उकळून गार केलेलं किंवा नव्यानं मिसळलेलं खारं पाणी, थोडं एफ/२ खत आणि सुरुवातीचं विरजण. विरजणच म्हणायचं त्याला, कारण हिशोब दह्याचाच आहे: चांगल्या कल्चरमधलं थोडं काढून नव्यात घालायचं. एफ/२ हे गिलार्ड यांच्या नावानं ओळखलं जाणारं मिश्रण. त्यात नायट्रेट, फॉस्फेट, थोडे धातू आणि जीवनसत्त्वं असतात. कोळंबीच्या हॅचऱ्यांतही पिल्लांसाठी अशाच प्रकारे शेवाळ पिकवतात. एअरपंपाची कडक नळी तळापर्यंत सोडा, टोकाला एअरस्टोन (बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावू नका. मोठे बुडबुडे हवेत, फेस नको. आठवडा-दहा दिवसांत नॅनो गर्द हिरवं होतं. मग अर्धं काढून घ्यायचं, उरलेल्यात पुन्हा पाणी आणि खत. काढलेलं फ्रीजमध्ये ठेवून रोज एकदा हलवायचं. दोन-तीन आठवडे टिकतं. घरच्यांना मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर पुदिन्याच्या चटणीचं पाणी समजून कुणीतरी सँडविचला लावायचं.

आयसोक्रायसिस सोनेरी तपकिरी रंगाचं आणि नाजूक. उन्हाळ्यात ते बसकण मारतं. उष्ण हवेला सोसणारा ताहितीचा वाण मिळाला तर तोच घ्या. आणि कामाचा क्रम पाळा: आधी आयसो, शेवटी नॅनो, नळ्या वेगवेगळ्या. नॅनोचा एक थेंब आयसोच्या बाटलीत उडाला की पंधरा दिवसांत सगळी बाटली नॅनोची. हिरवी बाटली एका रात्रीत फिकट झाली, तर आत रोटिफर, म्हणजे शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव, शिरले असणार. ती सरळ ओतून टाका, वाचवायच्या नादी लागू नका.

बाजारातून जिवंत तिसऱ्या आणून त्याच टँकमध्ये सोडल्या तर? स्वस्तात शिंपल्यांची हौस भागेल. — गिरगाव

माझ्या आईनं हा प्रश्न ऐकला असता तर तिसऱ्या थेट कढईत गेल्या असत्या, आणि तेच योग्य ठरलं असतं. तिसरी वाळूत, चिखलात पुरून घेणारी. दोन नळ्या वर काढून पाणी ओढते. स्कॅलपला अशा नळ्या नाहीत, तो उघड्यावर राहणारा. म्हणजे दोघांचं घरच वेगळं. शिवाय कोळणीच्या पाटीत सकाळपासून कोरड्या राहिलेल्या तिसऱ्या अर्धमेल्या असतात. टँकमध्ये त्या रात्री वाळूखाली मरतात, तुम्हाला दिसतही नाही, सकाळी अमोनिया वर आणि मासे खाली. नको. आणि चौपाटीवरून पाणी भरून आणायचा बेतही कुणी करू नका. नाल्यांचं पाणी येतंच, शिवाय पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी किती पातळ होतं ते खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर लावून बघा.

पाणी कसं असावं? आमच्याकडे स्वयंपाकघरातला आरओ आहे, तोच वापरतो. — दादर

खारेपणा विशिष्ट गुरुत्वात १.०२५, तापमान २४ ते २६ अंश, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, अमोनिया शून्य. पण तुमच्या आरओकडे आधी नीट बघा. त्यात ‘टीडीएस कंट्रोलर’ (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार) असेल तर तो चव यावी म्हणून नळाचं थोडं पाणी परत मिसळतो. पिण्याला उत्तम, टँकला नाही. टँकसाठी डीआय काडतूस, म्हणजे उरलेले क्षारही काढणारं काडतूस, असलेलं वेगळं यंत्र घ्या आणि टीडीएस मीटरवर शून्याच्या आसपास आकडा आल्याशिवाय मीठ मिसळू नका.

मुंबईत खरी लढाई तापमानाशी. पंख्यानं पाणी दोन-तीन अंश उतरतं, पण बाष्पीभवनामुळे. जुलैच्या दमट हवेत पंखा नुसताच फिरतो. मे आणि ऑक्टोबरला चिलरला पर्याय नाही, निदान या जिवासाठी. पाणी उडतं तेव्हा मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालताना गोडं आरओचं पाणी घाला, खारं नव्हे. ही चूक अनुभवी लोकही करतात. तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो, त्यात वीज गेली की संपलं. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवते ना, ग्रिड कोसळून सगळी मुंबई बंद पडली होती? त्या दिवसापासून माझ्याकडे बॅटरीवर चालणारे दोन एअरपंप तयार असतात. ‘मुंबईत कुठे वीज जाते’ हे वाक्य मी तेव्हापासून बोलत नाही.

माझा स्कॅलप सारखा दगडामागे जाऊन बसतो. पुढे आणून ठेवू का? — चेंबूर

नका. फ्लेम स्कॅलप खरं तर स्कॅलप नव्हेच, ‘फाइल क्लॅम’ घराण्यातला तो कॅरिबियनकडचा शिंपला. त्याला अंधारी कपार आवडते आणि तो धाग्यांनी दगडाला स्वतःला बांधून घेतो. ओढून काढलात तर धाग्यांबरोबर मांसही फाटेल. हलवायचाच असेल तर धागे ब्लेडनं कापा आणि पाण्यातल्या पाण्यातच, भांड्यात घेऊन हलवा.

माशांवर पांढरे ठिपके आलेत. तांब्याचं औषध टँकमध्ये घालू का? — ठाणे

अजिबात नाही. माशाला जे औषध, ते शिंपल्याला, कोळंबीला, प्रवाळाला विष. मासे वेगळ्या टँकमध्ये हलवून तिथे औषध द्या. आणि ज्या टँकमध्ये पूर्वी कधी तांबं पडलंय त्यातले दगड आणि वाळू ते शोषून ठेवतात, मागाहून सोडत बसतात. असा जुना सेट कुणी स्वस्तात देत असेल तर आधी तेवढं विचारून घ्या.

मी आठ वर्षांची आहे. काकांच्या टँकमधला शिंपला विजेसारखा चमकतो. त्याच्या पोटात दिवा आहे का? आणि त्याला मी दिसते का? — विलेपार्ले

दिवा नाही, आरसा आहे! काकांचा बहुधा ‘डिस्को क्लॅम’ असणार. त्याच्या ओठाच्या कडेला एका बाजूनं सिलिकाचे इतके बारीक गोळे असतात की ते उजेड परत फेकतात. ती कड तो भराभर गुंडाळतो आणि उलगडतो, म्हणून लखलख दिसते. शास्त्रज्ञांनी हे २०१४ मध्ये उलगडून दाखवलं. काकांना सगळे दिवे बंद करायला सांग, मग चमक दिसते का बघ.

दुसरा प्रश्न फारच छान. खऱ्या स्कॅलपला, म्हणजे काकांच्या शिंपल्याच्या लांबच्या भावंडाला, कडेनं दोनशेपर्यंत इवलेसे डोळे असू शकतात, आणि प्रत्येक डोळ्यात मागे ग्वानिनच्या स्फटिकांचा आरसा असतो. तुझ्यासारखा चेहरा त्याला ओळखता येत नाही, पण सावली पडली की कळतं. हळूच हात हलवून बघ, टकटक मात्र करू नकोस.

चार दिवस शिंपला उघडाच आहे, हलत नाही. मेला की आराम करतोय? — लालबाग

आजीची कसोटी लावा. तिसऱ्या धुताना ती उघड्या शिंपल्यावर नखानं टिचकी मारायची. मिटला तर ठेवायचा, नाही मिटला तर फेकायचा. इथेही तेच: प्लॅस्टिकच्या काडीनं पडद्याच्या कडेला हलकेच स्पर्श करा. जिवंत असेल तर आकसेल, सावकाश का होईना मिटू लागेल. पडद्याच्या कडेचे तुटलेले दोन-चार तंतू पडलेले दिसले तर घाबरू नका, फ्लेम स्कॅलप संकटात ते सोडून देतो.

काहीच हालचाल नसेल तर वास घ्यायला थांबू नका, आजच बाहेर काढा. मग लगेच एक चतुर्थांश पाणी बदला, कार्बनची पिशवी लावा आणि पुढचे तीन दिवस रोज अमोनिया मोजा. कवच ठेवायचं असेल तर आतलं खरवडून, उकळून, गॅलरीत उन्हात वाळवा. तिथे आता जागा आहे, बाटल्या तर आपण घरात घेतल्याच.