नव्या संगणकातला नको असलेला पसारा

नवा विंडोज संगणक कंपनीनं आधीच टाकून दिलेल्या ॲप्समुळे रखडतोय म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका, नको ती ॲप्स काढा. आधी रिस्टोर पॉइंट (काही बिघडलं तर विंडोज पूर्वीच्या स्थितीत नेणारी नोंद) तयार करा, मग सेटिंग्जमधली ॲप्सची यादी उघडा.

पहिला नंबर ट्रायल अँटिव्हायरसचा. मुदत संपली की तो पैसे भरा म्हणून सारखा मागे लागतो. बिनधास्त काढा, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप सुरू होतो. मग गेम्स आणि शॉपिंगची ॲप्स.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- ड्रायव्हर (संगणकाचे भाग चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा ‘व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ उडवणं. ती यादीत अनेकदा दिसतात, पण बाकीच्या प्रोग्रॅमना लागतात.
- ‘एका क्लिकमध्ये सफाई’वाली फुकट सॉफ्टवेअर टाकणं. बऱ्याचदा तीच नवा कचरा आणतात.

खात्री नसेल तर काढू नका, टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये (संगणक सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या ॲप्सची यादी) नुसतं डिसेबल, म्हणजे बंद करा. हवं तेव्हा परत चालू करता येतं.