'बरंय' म्हणणारा पेशंट ओळखायचा कसा?

पत्र: मी सोलापूर जिल्ह्यातली, बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या आजीला फुप्फुसाचा कॅन्सर होता, पसरलेला. सात महिने दर तीन आठवड्यांनी तिला किमोला न्यायचो. दुखण्यामुळे ती रात्र रात्र बसून काढायची. ओपीडीत ते कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. पॅलिएटिव्ह केअरकडे, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेकडे, पाठवलं तेव्हा नऊच दिवस उरले होते. तिथे ती कितीतरी महिन्यांनी शांत झोपली. अशा पेशंटना आधीच ओळखायचं काम कोण करतं? मला ते करता येईल, की पुन्हा 'नीट' परीक्षा देऊन डॉक्टर व्हावं? बाबा म्हणतात, मरणाऱ्यांची सेवा हे काय करिअर? त्यांना मी सरकारी भरतीची तयारी करायला हवी आहे.

उत्तर: आधी सरळ उत्तर देते. यासाठी डॉक्टर व्हायची गरज नाही. रेफरच्या कागदावर सही डॉक्टरांची असते, पण हा पेशंट पाठवायला हवा हे सगळ्यात आधी कळू शकतं ते ओपीडीतल्या सिस्टरला.

डॉक्टरांकडे एका पेशंटसाठी चार-पाच मिनिटं असतात. त्यात स्कॅन, रक्ताचा रिपोर्ट आणि पुढची किमो द्यायची की नाही, एवढंच उरकतं. सिस्टर वजन घेते, शीर शोधते, सलाईन संपेपर्यंत आजूबाजूला असते. ब्लाउजची बाही सैल झाली आहे, बाई बाकावर एकाच अंगावर कलून बसली आहे, घरून आणलेला डबा तसाच परत चालला आहे, विचारलं आईला की उत्तर मुलगा देतो आहे, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर घडतं. फक्त त्याकडे 'नोंद' म्हणून बघायची सवय हवी.

कारण 'कशा आहात?' या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे: 'बरंय.' तुझ्या आजीनंही तेच दिलं असणार. कुणाला त्रास नको म्हणून, किंवा दुखतंय म्हटलं तर डॉक्टर किमो बंद करतील या धास्तीनं. म्हणून विचारायचं वेगळं. काल रात्री किती वाजता जाग आली? कशानं आली? मग उठून काय केलंत?

यासाठी तयार साधनंही आहेत. कॅनडातल्या एडमंटनमध्ये १९९१ साली तयार झालेला एक तक्ता जगभर वापरतात. दुखणं, थकवा, मळमळ, भूक, धाप, उदासी, काळजी अशा तक्रारींना पेशंट स्वतः ० ते १० गुण देतो. माझ्या ओळखीच्या एका सिस्टर म्हाताऱ्या पेशंटना 'सोळा आण्यांपैकी किती आणे दुखतंय?' असं विचारतात. आकड्यांपाशी अडलेले आजोबा लगेच 'बारा आणे' म्हणतात. बारा आणे म्हणजे दहात साडेसात. सात किंवा त्याहून जास्त आलं की त्रास तीव्र समजायचा.

२०१६ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या ६० तज्ज्ञांनी कॅन्सरच्या ओपीडीतून कुणाला पॅलिएटिव्ह केअरकडे पाठवावं याचे ११ मुख्य निकष ठरवले. तीव्र शारीरिक त्रास, तीव्र मानसिक त्रास, 'आता लवकर सुटका करा' अशी मागणी, उपचारांचा निर्णय घेताना मदतीची गरज, मेंदूत पसरलेला आजार, दुसऱ्या टप्प्याच्या औषधांनंतरही वाढत राहिलेला कॅन्सर हे त्यांतले काही. यातले बरेचसे स्कॅनमध्ये दिसत नाहीत, माणसाशी बोलल्यावरच कळतात. म्हणून म्हणते, हे काम तुझं आहे.

आणि 'लवकर' याला अर्थ आहे. बोस्टनमध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर एक अभ्यास झाला, २०१० साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांना निदानानंतर लगेचच नेहमीच्या उपचारांच्या जोडीला पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांचं जगणं सुसह्य झालं, उदासी कमी राहिली. शेवटी शेवटी जड उपचार कमी घेऊनही ते जास्त जगले: मध्यक (म्हणजे निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने, इतरांचा ८.९. म्हणजे ही सेवा किमो सोडून द्यायची नसते, किमोसोबतच घ्यायची असते. आपल्याकडे 'हात टेकले' की मग तिकडे पाठवतात, तिथेच सगळं चुकतं. तुझ्या आजीच्या बाबतीत तेच झालं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आता नीटचं. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, पुढे एम.डी. तीन. पॅलिएटिव्ह मेडिसिनमधली एम.डी. आपल्या देशात टाटा मेमोरियलला २०१२ पासून आहे. निदान करणं, औषधं ठरवणं याची मनापासून ओढ असेल तर जरूर जा. या सेवेचा आधुनिक पाया घालणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या, त्यानंतर डॉक्टर, आणि १९६७ मध्ये लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारं केंद्र, उभं केलं. पण फक्त 'नर्सचं कोण ऐकतं' म्हणून जाणार असशील तर थांब.

मी तुझ्या जागी असते तर इंटर्नशिपमध्ये कॅन्सरच्या डे-केअरला (जिथे पेशंट किमो घेऊन त्याच दिवशी घरी जातात) पोस्टिंग मागून घेतलं असतं. रजिस्ट्रेशन झाल्यावर दोन वर्षं कॅन्सर वॉर्ड, मग ऑन्कॉलॉजी नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा सर्टिफिकेट कोर्सही आहे, नर्सना चालतो. जमलं तर पुण्यात वारज्याचं सिप्ला सेंटर स्वतः बघून ये, १९९७ पासून ते हेच काम करतं.

एक मात्र स्पष्ट सांगते. 'पॅलिएटिव्ह नर्स' अशी वेगळी पोस्ट लहान शहरात क्वचितच निघते. त्यामुळे बाबांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. भरतीचा फॉर्म भर. सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या १२ सेवांत वृद्धांची आणि उपशामक (म्हणजे पॅलिएटिव्ह) सेवा धरलेली आहे, म्हणजे हे शिक्षण तिथेही उपयोगी पडेल.

राहिला बाबांचा प्रश्न. त्यांच्याशी करिअरवर वाद घालू नकोस. आजी पॅलिएटिव्ह वॉर्डात पहिल्या रात्री झोपली, तेव्हा तिच्या उशाशी कोण होतं, त्यांनी काय पाहिलं, ते आधी त्यांना विचार. त्यांना बोलू दे. नोकरीचं त्यानंतर काढ.